नाबोरकाकांचा होकार

एल्डर एस्प्लिनला आरसा फार प्रिय. मेक्सिको सिटीच्या उत्तर टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या पोरांना मिशनरी म्हणून तयार करणारं एक केंद्र होतं. तिथल्या खोलीत चौघांना मिळून एकच आरसा, आणि सकाळी तो याच्याच ताब्यात. पांढरा शर्ट, टायची गाठ, छातीवर नावाची काळी पट्टी. पट्टी सरळ बसली की हा हनुवटी जराशी उचलायचा आणि स्वतःकडे असा बघायचा, जणू ख्रिस्तानं बाकी सगळी कामं बाजूला ठेवून यालाच बोलावून घेतलंय. बाकीचे तिघं तोंडात ब्रश धरून मागे ताटकळत उभे. कुणी बोलायचं नाही. एकमेकांशी प्रेमानं वागायचं असा तिथला नियम, आणि असल्या नियमांचं फावतं ते नेहमी असल्याच लोकांना.

पोरगं एकोणीस वर्षांचं. घरचं नाव केड. पण मिशनवर निघालं की पहिलं नाव गुंडाळून ठेवायचं, दोन वर्षं सगळे नुसते एल्डर. एल्डर म्हणजे वडीलधारा. धड मिसरूड न फुटलेल्या पोरांना वडीलधारे म्हणायचं, यात या लोकांना काही वावगं वाटत नाही, आणि एस्प्लिनला तर ते अगदी रास्तच वाटायचं. अमेरिकेतल्या युटा राज्यात, त्याच्या गावात बापाचं टायरचं दुकान होतं आणि चर्चमध्ये बापाला मान होता. थोरले दोन्ही भाऊ मिशन करून आलेले, एक चिलीत, एक फिलिपाइन्समध्ये, आणि दोघंही प्रशिक्षणातच झोन लीडर झालेले.

झोन लीडर म्हणजे काय मोठं, तर शाळेतला मॉनिटर. पगार नाही, पाटी नाही. सभेच्या खुर्च्या नीट लागल्यात का बघायचं, नवी पोरं आली की त्यांना भोजनगृह दाखवायचं आणि कुणी नियम मोडला तर त्याला गोड आवाजात समज द्यायची. पण एस्प्लिनांच्या घरात त्या पदाचं देव्हाऱ्यासारखं झालं होतं. जेवायच्या टेबलाशी बाप अजून ते किस्से सांगायचा. विमानतळावर मिठी मारताना त्यानं या तिसऱ्याच्या कानात एवढंच म्हटलं होतं, "एस्प्लिन लोक मागच्या रांगेत बसत नाहीत." पोरगं तेवढं एक वाक्य घेऊन विमानात चढलं. देव, धर्म, पापी जगाचा उद्धार, ते सगळं मागून सवडीनं.

मिशनरी एकटा नसतो. त्याला जोडीदार नेमून देतात, आणि न्हाणीघर सोडलं तर कायम त्याच्या नजरेसमोर, त्याच्या हाकेच्या अंतरावर राहायचं. एस्प्लिनच्या वाट्याला आला एल्डर टोलमन. शेजारच्या आयडाहो राज्यातला, गाईगुरांच्या घरातला, अंगानं थोराड, बोलायला बुजरा. स्पॅनिशचा एक शब्द घेतला की आधीचा सांडून जायचा. पहिल्या आठवड्यात तो रोज न्हाणीघरात नळ सोडून रडायचा. एस्प्लिन दाराबाहेर उभा राहून क्रियापदं घोकायचा, मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं. दार उघडलं की म्हणायचा, "झालं का, एल्डर?" आणि वर हसायचा. याला तो सहनशीलता म्हणायचा. घरी व्हिडिओवर बोलताना आईला सांगायचा, की देवानं मला अवघड जोडीदार दिलाय, कारण माझ्याकडून त्याला काहीतरी करून घ्यायचंय. आई तिकडे डोळे पुसायची.

दिवस सगळे एका साच्यातले. उठायचं, गुडघ्यावर बसून प्रार्थना, न्याहारी, वर्ग, जेवण, पुन्हा वर्ग, मैदानावर थोडी धावपळ, पुन्हा वर्ग. भोजनगृहातल्या बायका बिचाऱ्या या गोऱ्या पोरांच्या पोटाला सोसावं म्हणून पिझ्झे आणि पॅनकेक करून थकायच्या, पण बाजूला घमेलंभर काळ्या घेवड्याची उसळही असायचीच. एस्प्लिन तिच्याकडे बघून रोज नाक मुरडायचा. सकाळी सकाळी घेवडा कोण खातं, म्हणायचा. ज्या देशाला आपण स्वर्गाची वाट दाखवायला आलो तो देश सकाळी काय खातो, याचं त्याला काडीचंही कुतूहल नव्हतं. टोलमन दोन वेळा वाढून घ्यायचा. वाढणाऱ्या बाईचं नाव त्याला ठाऊक होतं.

त्यांचा मास्तर म्हणजे एर्मानो ओल्गीन. एर्मानो म्हणजे भाऊ, तिथं मोठ्या माणसाला असंच म्हणतात. पूर्ण नाव फर्मिन ओल्गीन, वय तिशीच्या आतबाहेर, जवळच्याच वस्तीतला, जन्मापासून मॉर्मन, स्वतः व्हेराक्रूझला मिशन करून आलेला. सकाळी तो व्याकरण शिकवायचा. दुपारी त्याचं दुसरं काम असायचं, आणि खरी मेख त्यातच होती.

या केंद्रात शिकणाऱ्या पोरांना बाहेरच्या माणसांवर एकदम सोडत नाहीत. आधी मास्तरच कुणीतरी बनतो. आपल्या मिशनमध्ये भेटलेला एखादा खरा माणूस तो आठवतो आणि खोलीत तोच होऊन बसतो. पोरांनी दार वाजवायचं, आत जायचं, त्याला उपदेश करायचा. त्या खोलीत मास्तरला मास्तर म्हणायचं नाही, नाटक आहे हे दाखवायचं नाही, हा नियम अगदी कडक. ओल्गीन व्हायचा नाबोरकाका. व्हेराक्रूझचा मिनीबसचा ड्रायव्हर, बिअरचा भोक्ता, तोंडानं फटकळ. ओल्गीन चौकड्यांचं जुनं जाकीट चढवायचा, डोक्यावर तेलकट टोपी घालायचा, पाय फाकून खुर्चीत बसायचा आणि त्याचा आवाजसुद्धा बदलायचा. टोपी काढली की परत एर्मानो ओल्गीन. वर्गात येऊन शांतपणे विचारायचा, आज त्या माणसाचं तुम्ही किती ऐकलंत?

एस्प्लिननं कधीच काही ऐकलं नाही. नाबोरकाका एकदा पिऊन आला, एकदा त्याची नोकरी गेली, एकदा तो बायकोशी भांडून आला. पहिल्या वेळी टोलमन घाबरून पांढराफटक पडला होता. एस्प्लिन पुढे त्याला म्हणाला, "अरे, सगळं नाटक आहे. तो काय बोलतो इकडे लक्ष देऊ नकोस. तो आपल्याला कुठला धडा द्यायला लावतोय, ते ओळख." दारूचा विषय निघाला की दारूचा धडा, बायकोचा निघाला की कुटुंबाचा. नाणं टाकलं की बाटली बाहेर पडते तसं याचं चालायचं. स्पॅनिश मात्र त्याचं खरंच चांगलं होतं, आणि तो त्याचा टेंभा मिरवायचा.

अडलं होतं एकाच ठिकाणी. नाबोरकाका बाप्तिस्म्याला हो म्हणत नव्हता. धर्मात यायचं तर पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्यावा लागतो, आणि मिशनरी पोरांचा सगळा जीव त्या तारखेत. काकाचं उत्तर ठरलेलं.

"आई आहे तोवर नाही, गोऱ्या," तो म्हणायचा. "ऐंशी वर्षांची आहे. पक्की कॅथलिक, रोज ग्वादालुपेच्या मेरीमातेपुढे मेणबत्ती लावते. तिच्या डोळ्यांदेखत मी तुमच्या पाण्यात उतरू? मला घरात तरी घेईल का ती?"

व्हेराक्रूझच्या खऱ्या नाबोरनं शेवटपर्यंत बाप्तिस्मा घेतला नव्हता, हे ओल्गीननं पोरांना सांगितलं नव्हतं. एस्प्लिननं त्या आईवर सगळे धडे खर्च केले. त्या न पाहिलेल्या म्हातारीचा त्याला इतका राग यायचा, की एकदा मैदानावर चेंडू लाथाडताना तो तिच्या नावानं पुटपुटला. कारण केंद्रातल्या चर्चशाखेचे अध्यक्ष आरेओला, दातांचे निवृत्त डॉक्टर, भला माणूस, येत्या रविवारी नवा झोन लीडर नेमणार होते. जो आपल्या माणसाला सगळ्यांत आधी होकारापर्यंत आणेल त्याच्याकडे अध्यक्षांचं लक्ष जाईल, असं या पठ्ठ्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. अध्यक्ष असं कधी बोलले नव्हते. पण बापाला यानं कळवूनही टाकलं, की जवळजवळ नक्की आहे, फक्त एक म्हातारी आडवी आलीय. बाप हसला आणि म्हणाला, म्हाताऱ्यांना बाजूला करायला शीक.

ओल्गीनची स्वतःची आईही त्या वर्गाला ठाऊक होती, ती तिच्या तामालांमुळे. डोन्या एउलालिया, म्हणजे एउलालियाबाई. एका शुक्रवारी तिनं पोरांसाठी टोपलंभर तामाल पाठवले, मक्याचं पीठ कणसाच्या सालपटात गुंडाळून वाफवलेले, आत हिरव्या मिरचीतली कोंबडी. पहाटे उठून केले होते म्हणे. ओल्गीननं टोपलं टेबलावर ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. टोलमननं दोन खाल्ले आणि बोटं चाटली. एस्प्लिननं एक घास घेतला, हे तर कच्चं पीठ आहे असं इंग्रजीत पुटपुटला, उरलेलं सालपटात परत नीट गुंडाळलं आणि खाल्ल्यासारखं करून केराच्या टोपलीत टाकलं. ओल्गीन तेव्हा फळा पुसत होता. मागे वळला तेव्हा त्याला टोपलीतलं ते जाडजूड पुडकं दिसलंच. त्यानं खडूची पेटी आवरली आणि शिकवायला लागला.

त्या रविवारच्या आधीच्या बुधवारची गोष्ट. दुपारी दोघं खोलीत जाऊन बसले. काका यायला उशीर झाला होता. दार उघडलं आणि ओल्गीन आत आला. जाकीट नाही, टोपी नाही, सकाळचाच शर्ट आणि टाय, टायची गाठ सैल झालेली. एस्प्लिनच्या पहिल्यांदा ध्यानात आली ती टोपी. विसरला वाटतं, नंतर नम्रपणे लक्षात आणून द्यायला हवं, असं त्याच्या मनात आलं. ओल्गीन दारातच काही सांगायला उभा राहिला होता. मग पुढे आला आणि खुर्चीत बसला, पाय जवळ घेऊन, हात मांड्यांवर ठेवून.

"माझी आई गेली," तो म्हणाला. "आत्ता फोन आला. सकाळी बोलली माझ्याशी. ओट्याशी उभी होती म्हणे, आणि खाली बसली."

टोलमनला त्यातला आई तेवढा शब्द कळला आणि समोरचा चेहरा कळला. तो अर्धवट उठला. एस्प्लिननं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं. याच्या अंगात वीज सळसळली होती. म्हातारी गेली. मास्तरनं स्वतःच अडसर काढून दिला होता, धडा ताटात वाढून ठेवला होता. कुठला धडा ते बावळट पोरालाही कळलं असतं. मरणानंतरचा.

"काका," एस्प्लिन पुढे वाकून म्हणाला, आवाज शिकवल्याप्रमाणे हळू, "आम्हाला फार वाईट वाटलं. पण तुमची आई कुठं आहे ते आम्हाला माहीत आहे. ती चांगल्या ठिकाणी आहे. तिला आता सत्य कळलंय. ती वरून तुमच्याकडे बघतेय आणि तिला वाटतंय, माझ्या मुलानं माझ्यामुळे आता थांबू नये."

"काय म्हणालात?" ओल्गीननं विचारलं.

एस्प्लिनला वाटलं, माझे उच्चार तपासतोय. त्यानं तेच पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. बहिऱ्याशी बोलतात तसं. मग म्हणाला, "आता तुम्हाला अडवणारं कुणी राहिलं नाही, काका. आईला परत भेटायचंय ना? त्याला एकच वाट आहे. येत्या वीस तारखेला बाप्तिस्मा घ्याल?"

आठव्या वर्षी बाप्तिस्मा झालेला, दोन वर्षं दारोदार हिंडून हीच वाक्यं हजार माणसांना सांगितलेला तो माणूस एस्प्लिनकडे नुसता बघत राहिला. आज मला जायचंय, उद्यापासून दुसऱ्या बाई येतील, एवढं सांगायला तो आला होता. त्या खोलीतून बाहेर पडायला त्यानं त्या क्षणी कशालाही मान डोलावली असती.

"हो," तो म्हणाला. "घेतो."

उठला, सवयीनं खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि निघून गेला.

दार लागल्याबरोबर एस्प्लिननं मूठ आवळली. टोलमन दाराकडेच बघत होता. तो म्हणाला, मला हे बरोबर वाटत नाही, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. एस्प्लिन म्हणाला, तेच तर, काय कमालीचा नट आहे हा माणूस, मालिकांमध्ये जायला हवा. टोपी विसरला तेवढं सोडलं तर आज एकदम अव्वल. रात्रीच्या जेवणाला सगळ्या टेबलांवर बातमी गेली, की नाबोरकाका एस्प्लिननं जिंकला, सगळ्या बॅचमध्ये पहिला. दुसऱ्या टेबलावरच्या पोरांनी येऊन त्याचे हात हातात घेतले. तो लाजल्यासारखं करत होता, आणि तेही त्याला छान जमायचं.

सकाळी वर्गावर सुनिगा नावाच्या बाई आल्या. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, की एर्मानो ओल्गीनच्या आई काल दुपारी अचानक वारल्या. ते काल तुम्हाला स्वतः सांगायला म्हणून खोल्यांकडे आले होते, पण मग त्यांना जावं लागलं. दफन आज आहे. आपण प्रार्थना करू या.

प्रार्थना झाली. एस्प्लिनचे कान लाल झाले होते, हे खरं. कुणाही माणसाचे झाले असते. टोलमन मान खाली घालून बसला होता. वर्गातल्या बाकीच्या पोरांना अजून दोन आणि दोन जुळवता आलेले नव्हते. आणि मग या शहाण्यानं हात वर केला.

"सिस्टर, एक विचारू? मग कालचा होकार धरायचा की नाही?"

बाईंना आधी कळेचना. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, कसला होकार, कुणाचा. कळलं तेव्हा त्या त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, की मागच्या बाकावरचा पोरगा खाकरला. मग म्हणाल्या, "पुस्तक उघडा, एल्डर." वर्ग पुढे सुरू झाला.

जेवायला जाताना टोलमन म्हणाला, आपण त्यांना भेटून माफी मागायला हवी. एस्प्लिन म्हणाला, माफी कशाची, आपण सांत्वनच केलं, शब्द न् शब्द खरा होता. टोलमन म्हणाला, पण तुला ते नाटक वाटलं होतं. एस्प्लिन थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि अतिशय प्रेमळ आवाजात म्हणाला, "एल्डर, मला काय वाटलं होतं ते तुला कसं माहीत? तुला तर त्यातला एक शब्द कळला होता." टोलमनकडे याला उत्तर होतं, पण ते स्पॅनिशमध्येही नव्हतं आणि इंग्रजीतही त्याला लवकर सुचायचं नाही.

रविवार उजाडेपर्यंत एस्प्लिनच्या डोक्यात त्या बुधवारची नीट घडी बसली होती. त्यानं मुद्दाम खोटं रचलं असंही म्हणता येत नाही. तेवढं करायलाही जरा स्वतःकडे बघावं लागतं, आणि आरशापलीकडे याची मजल नव्हती. तो उपासाचा रविवार होता. त्या दिवशी जेवत नाहीत, आणि सभेत ज्याच्या मनात येईल तो उठून पुढे जातो, माईकपाशी उभा राहून आपली श्रद्धा सांगतो. एस्प्लिन गेला. म्हणाला, की या आठवड्यात एक दुःखी भाऊ आमच्या खोलीत आला. मला कुणीतरी आतून सांगितलं, की आज धडा बाजूला ठेव, या माणसाला त्याच्या आईबद्दल सांग. मी सांगितलं. आणि ते मला हो म्हणाले, एवढंच म्हणाले, हो. इथे त्यानं माईक धरून डोळे मिटले. उपाशी पोटी कुणाचेही मिटतात. पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. अध्यक्ष आरेओलांनी चष्मा काढून पुसला.

टोलमन दुसऱ्या रांगेत आपल्या बुटांकडे बघत बसला होता. उठून जायची सोय नव्हती. जोडीदाराला नजरेआड करायचं नसतं.

संध्याकाळी अध्यक्षांनी नाव जाहीर केलं. म्हणाले, आपल्या फर्मिनच्या दुःखाच्या घडीला जो जवळ होता, त्याच्यावर मी ही जबाबदारी टाकतोय. एस्प्लिन उठून उभा राहिला. "माझी लायकी नाही," असं म्हणाला, आणि आयुष्यात एकदाच खरं बोलून गेला. पण ते त्या लोकांत सगळेच म्हणतात, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बाप व्हिडिओवर दुकानातल्या टायरांपुढे उभा राहून म्हणाला, मला माहीतच होतं. मग त्यानं विचारलं, आणि ती म्हातारी? एस्प्लिन म्हणाला, ती गेली. दोघं हसले. तेवढ्यात आई पडद्यावर आली.

त्या गुरुवारी ओल्गीन कामावर परतला. वर्गात त्यानं उरलेलं व्याकरण संपवलं. दुपारी दोघांनी खोलीचं दार वाजवलं, तर आतून नाबोरकाकाचा आवाज आला, या की. चौकड्यांचं जाकीट, तेलकट टोपी, फाकलेले पाय, सगळं जागच्या जागी. चेहरा तेवढा उतरला होता आणि जाकीट खांद्यांवर मोठं दिसत होतं.

एस्प्लिनची पंचाईत अशी, की कसं वागावं हे पुस्तकात नव्हतं. मग त्यानं पुस्तकात होतं तेच केलं. प्रार्थना केली आणि म्हणाला, "काका, वीस तारीख जवळ आली. तयारी कशी चाललीय?"

"कसली वीस तारीख?"

"बाप्तिस्म्याची. तुम्ही हो म्हणालात ना. गेल्या बुधवारी."

"मी?" काका टोपी मागे सारून म्हणाला. "मी गेल्या बुधवारी इथं आलोच नव्हतो. आणि मी कसा हो म्हणेन? आईला काय सांगू?"

एस्प्लिन पुस्तकाची पानं चाळायला लागला.

"बोल की, गोऱ्या. तुला कुणी सांगितलं, की माझी आई गेली? ती घरी आहे, धडधाकट आहे. आज सकाळीच मला ओरडली, की डबा न घेता निघालास म्हणून." आवाज नाबोरचाच होता, फक्त जरा जास्तच मोठा. "मग गेली कोण? तू कुणाला पोचवून आलास?"

एवढं सोपं उत्तर जगात दुसरं नसेल. तुमची आई गेली, आणि मला ते कळलं नाही, मला क्षमा करा. इतकंच म्हणायचं होतं. व्याकरण तर याचं पक्कं होतं. पण ते म्हटलं की रविवारचा माईक आला, अध्यक्षांचा पुसलेला चष्मा आला, टायरांपुढे उभा असलेला बाप आला. एस्प्लिनची नजर टेबलाच्या कडेवरून फिरत राहिली. "माझी समजण्यात काहीतरी चूक झाली असेल," तो म्हणाला.

तेव्हा टोलमन बोलला. काय बोलायचं ते त्यानं आठवडाभर मनात जुळवलं होतं, तरी निम्मं वाटेत सांडलंच.

"एर्मानो ओल्गीन," तो म्हणाला. "तुमची आई. मला दुःख. खूप दुःख. तिचा तामाल छान. मी दोन खाल्ला."

ओल्गीननं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. थोडा वेळ तो टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, "तामाल आणले त्या दिवशी घरी गेलो तर दारातच विचारलं तिनं, पोरांना आवडले का म्हणून. मी म्हटलं, एकानं दोन खाल्ले. तर म्हणाली, मग पुन्हा करते." टोलमननं खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसला.

एस्प्लिन दोघांकडे बघत होता. खोलीत नियम मोडला जात होता, आणि तोही झोन लीडरच्या डोळ्यांदेखत. नाही म्हटलं तरी त्याला हायसंच वाटलं. यावर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं.

"एल्डर टोलमन," तो म्हणाला, हळू, गोड आवाजात, जसं सांगायचं असतं अगदी तसं, "या खोलीत ते नाबोरकाका आहेत. आपण नियम पाळू या."

टोलमन जागचा हलला नाही. ओल्गीननं मात्र मान वर केली आणि एस्प्लिनकडे बघितलं, केराच्या टोपलीतलं ते पुडकं बघितलं होतं तसंच. मग डोळे पुसले, टोपी परत डोक्यावर चढवली, पाय फाकले.

"बरोबर आहे झोन लीडरसाहेबांचं," तो म्हणाला. "विचार, गोऱ्या. काय विचारत होतास?"

एस्प्लिननं पट्टी सरळ केली. "काका, मग दुसरी एखादी तारीख धरू या का?"

"आई आहे तोवर नाही," नाबोरकाका म्हणाला. "सांगितलंय ना तुला."

एस्प्लिननं समजूतदारपणे मान डोलावली, पुस्तकाचं पान उलटलं आणि कुटुंबाचा धडा सुरू केला.